बेळगावातली नऊ माणसांची कंपनी: आयटीची नोकरी इथं का टिकत नव्हती आणि मग कशी टिकली

2021 चा ऑगस्ट असेल, बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा एक पोरगा माझ्या टिळकवाडीतल्या ऑफिसात आला आणि म्हणाला, काकू, कंपनी काढायची आहे, कागदं काय काय लागतात सांगा. मी अकाउंट्स आणि जीएसटीचं काम करते, वर्षाला असे दहा-बारा तरी येतात, त्यातले निम्मे दुसऱ्यांदा येत नाहीत. हा आला. आज चार वर्षांच्या वर झाली, त्याची पुस्तकं माझ्याकडंच आहेत, पगारपत्रक मीच बघते, कोण लागलं कोण सोडून गेलं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालंय. बेळगावात आयटी का येत नाही यावर आपल्याकडं खूप बोललं जातं, पण बोलणारा प्रत्येकजण बेंगळूरकडं नाहीतर इथल्या सुवर्ण विधानसौधकडं म्हणजे सरकारकडं बोट दाखवून बोलतो, एका कंपनीचा हिशोब उघडून कुणी समोर ठेवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. त्याला विचारून लिहिते आहे, नाव घालू नका म्हणाला म्हणून नाव नाही, त्याच्या गिऱ्हाइकांचीही नाहीत.

पोरग्याचे वडील पॅटर्नमेकर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करतात, त्याच्यावर वाळू दाबून साचा घेतात, तो नमुना म्हणजे पॅटर्न. लोखंड गार होताना आकसतं, मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा धरावा लागतो आणि त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, आकसण्याचा हिशोब धरून मुळातच जरा लांब आखलेली. ती पट्टी शर्टाच्या खिशात घालून या माणसानं उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, तीस वर्षं काढली आणि पोराला इंजिनिअर केलं. व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, 1998 पासून, सगळ्या कर्नाटकातली दोनशेच्या वर इंजिनिअरिंग कॉलेजं तिला जोडलेली, म्हणजे राज्यभरातल्या पोरांच्या डिग्रीवर बेळगावचं नाव असतं आणि डिग्री हातात पडली की बेळगावातच पोरगं राहत नाही. हाही राहिला नाही. 2011 ला पास झाला, कॅम्पसमधून लागला, पुण्याला हिंजवडीत गेला.

पुणंच का, बेंगळूर का नाही, हे मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला काकू, चिंचवडला मामा होता. एवढंच. आपल्याकडच्या मराठी घरातल्या पोरांचं बहुतेक असंच असतं, पुणं साधारण 340 किलोमीटर, बेंगळूर 500 च्या घरात, पुण्यात कुणीतरी मामा-मावशी निघते, शुक्रवारी रात्री बसमध्ये बसलं की शनिवारी पहाटे घरात. आणि याचा एक हिशोबी परिणाम असतो तो कुणाच्या लक्षात येत नाही. बेळगावच्या पोराचा प्रोफेशन टॅक्स महाराष्ट्राकडं जातो, त्याचं भाडं, त्याची गाडी, त्याचं हॉटेल सगळं पुण्यात, आणि आईवडलांना पाठवतो ते महिन्याचे दहा-पंधरा हजार आणि पुढं कधीतरी एक प्लॉट, तेवढं बेळगावला येतं. बेंगळूरला गेलेल्याचं निदान राज्यात तरी राहतं. राज्याच्या अर्थव्यवस्थेत आयटीचा वाटा किती असं विचारलं की चौथाईच्या आसपास सांगतात, देशाच्या सॉफ्टवेअर निर्यातीत कर्नाटक 40 टक्क्यांच्या आसपास, आणि ते खरं आहे, पण राज्याच्या उत्पन्नातला एक तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या बेंगळूर शहर जिल्ह्यातून येतो. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा 47 लाख 79 हजारांचा, लोकसंख्येत बेंगळूर शहराच्या खालोखाल दुसरा. दुसऱ्या नंबरच्या जिल्ह्यात या उद्योगाच्या किती खुर्च्या आहेत ते आपण सगळे बघतोच आहोत.

तर हा पोरगा 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊनच्या दोन दिवस आधी घरी आला आणि दीड वर्ष येळ्ळूरहूनच काम करत राहिला. टीम लीड होता, हाताखाली आठ जण. पाऊस सुरू झाला की पत्र्याचा आवाज कॉलवर जायचा म्हणून भाताची पोती ठेवायच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचा, आई दारातनं चहा आत सरकवायची. काम अडलं नाही. पगार पुण्याचा, खर्च येळ्ळूरचा, वडलांचे गुडघे गेले होते, त्यांना दवाखान्यात न्यायला कुणीतरी घरात होतं. आणि 2021 मध्ये कंपनीनं परत या म्हटल्यावर त्यानं राजीनामा दिला. मला त्यावेळी वाटलं होतं की ही घाई आहे, तसं मी बोललेही. तो म्हणाला काकू, जे काम मी पोत्यांच्या खोलीत बसून केलं ते दहा पोरं बेळगावात आरपीडी कॉर्नरला बसून का नाही करू शकणार.

हा प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर मिळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

आरपीडीजवळ वरच्या मजल्यावर हॉल घेतला, डिसेंबरपर्यंत 11 माणसं झाली. त्यातली आठ नुकतीच कॉलेजातनं निघालेली, बेळगावातल्याच वडगावची, अनगोळची, एक खानापूरची मुलगी, दोघं सीमेच्या पलीकडचे म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातले, त्यातली एक मुलगी. काम पुण्याच्या एका कंपनीकडनं आलेलं, त्यांनी कुठल्यातरी मोठ्या गिऱ्हाइकाचं काम घ्यायचं, डोक्याचा भाग स्वतः ठेवायचा आणि टेस्टिंग, जुन्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरची डागडुजी असलं इकडं पाठवायचं. डोकी मोजून महिन्याला पैसे. कागदावर बरं दिसत होतं. माझ्या बाजूनं बघितलं तर पहिल्या तीन महिन्यांतच अडचण दिसली, बिल केल्यापासून पैसे यायला नव्वद दिवस आणि पगार मात्र एक तारखेला. पोरग्यानं नऊ वर्षांचा पीएफ काढला, मी फॉर्म भरला, तो सगळा पैसा पगारात गेला. नव्या पोरांना तो 15 हजार देत होता, यापेक्षा जास्त द्यायची ताकदच नव्हती.

आणि मग माणसं जायला लागली. 2021-22 चं ते वर्ष आठवा, सगळीकडं भरती चालली होती, मोठ्या कंपन्यांतसुद्धा शंभरातली वीस-पंचवीस माणसं वर्षात सोडून जात होती, तर आरपीडी कॉर्नरच्या हॉलमध्ये कोण थांबणार. अकरातली सात चौदा महिन्यांत गेली. प्रत्येकाचं एक्सपिरियन्स लेटर माझ्याकडंच टाइप व्हायचं, त्यामुळं मला आधीच कळायचं.

मी पगार हेच कारण धरून बसले होते. सगळेच धरतात. 15 हजार आणि तिकडं 30 हजार, गणित सोपं. पण वडगावचा एक पोरगा, ज्याच्या घरी अजून दोन माग चालतात, लेटर न्यायला आला तेव्हा त्याला बसवलं आणि विचारलं की तिकडं जाऊन खोलीभाडं, मेस, येणंजाणं धरलं तर हातात किती राहणार आहे, इथं घरात जेवतोस. त्यानं मोबाईलवर हिशोब करून दाखवला, फरक महिन्याला चार हजारांचा निघाला. मग का चाललास? तो म्हणाला, काकू, इथं मी लिहिलेलं कोण बघतंय? सर दिवसभर पुण्याच्या फोनवर असतात. माझं बरोबर आहे का चूक ते सहा महिन्यांनी कळतंय. तिकडं माझ्या शेजारी पाच वर्षं केलेला माणूस बसणार.

त्या दिवशी मला हे प्रकरण पहिल्यांदा नीट समजलं असं मी म्हणेन. बेळगावात इंजिनिअर पोरांची कमी नाही, गोगटे कॉलेज 1979 पासून आहे, मराठा मंडळचं आहे, केएलईचं आहे, दरवर्षी पोरं निघतात. वर एखादा अनुभवी माणूसही मिळतो, परत आलेला, पोरग्यासारखा. मधली माणसं नाहीत. पाच वर्षं, आठ वर्षं काम केलेली, जी नव्या पोराची चूक दुपारी बघून संध्याकाळपर्यंत दुरुस्त करायला लावतात, ती सगळी हिंजवडीत नाहीतर बेंगळूरच्या व्हाइटफील्डला बसलेली आहेत. मधली नाहीत म्हणून खालची टिकत नाहीत, आणि खालची टिकत नाहीत म्हणून मधली तयार होत नाहीत. पगार वाढवून हे सुटत नाही, इमारत बांधूनही नाही. हुबळीला इन्फोसिसचं एवढं मोठं कॅम्पस उभं राहिलं आणि काम सुरू व्हायला 2022 चा ऑगस्ट उजाडला, तिथल्या लोकांना त्यासाठी मोहीम चालवावी लागली. आयटी बेंगळूरच्या बाहेर न्यायचं सरकारचं बियॉन्ड बेंगळुरू आहे, कर्नाटक डिजिटल इकॉनॉमी मिशन त्यासाठी काम करतंय, हुबळी-धारवाड-बेळगावी असा एक क्लस्टर धरलाय, 2024 मध्ये जागतिक कंपन्यांच्या केंद्रांसाठी वेगळं धोरण आलं, 2029 पर्यंत 500 नवीन केंद्रं आणि साडेतीन लाख नोकऱ्या असं त्यात लक्ष्य आहे. मी याच्या विरोधात अजिबात नाही. पण असं केंद्र उघडणारा माणूस पहिली चौकशी कसली करतो तर तुमच्या गावात दहा वर्षं अनुभवाची शंभर माणसं मिळतील का याची.

2023 च्या फेब्रुवारीत चार माणसं उरली. पोरगा, खानापूरची मुलगी, चंदगडची मुलगी आणि एक अनगोळचा. हॉल सोडला, उद्यमबागेत वडलांच्या ओळखीनं एका वर्कशॉपच्या मागं दोन खोल्या घेतल्या, भाडं निम्म्याच्या खाली. पुण्याचं काम आपणच थांबवलं. त्या महिन्यात पोरगा माझ्यासमोर बसून रडला, हे लिहू का विचारलं तर लिहा म्हणाला.

पुढं जे झालं ते ठरवून झालं नाही. त्या वर्कशॉपच्या शेजारच्या फौंड्रीत एक भानगड झाली, पंपाच्या बॉडीचा लॉट चाकणला गेला होता, तिथं मशिनिंगला लावल्यावर आत ब्लोहोल निघाले, म्हणजे ओतताना गॅस अडकून लोखंडात भोकं राहिली. गिऱ्हाइकानं हीट नंबर मागितला. हीट म्हणजे भट्टीतला एक घाणा, एका वेळी वितळवलेलं लोखंड, प्रत्येक घाण्याला नंबर असतो आणि त्या घाण्याचं केमिकल, त्या पाळीची वाळू, वाळूतला ओलावा हे सगळं त्या नंबराखाली रजिस्टरला लिहायचं असतं. रजिस्टर काढलं. पोरगा वडलांबरोबर सहज तिथं गेला होता, त्यानं ते पान बघितलं. दोन पाळ्यांची पानं एकाच पेनानं, एकाच अक्षरात, एकाच बैठकीत भरलेली. वडील त्याला बाहेर आल्यावर म्हणाले, त्या वक्ताला कोण लिहीत नाहीत बा, संध्याकाळी आठवून सांगत्यात. कुठला घाणा बिघडला ते सांगताच येईना म्हणून तीन आठवड्यांचा सगळा माल परत घ्यावा लागला, चांगला-वाईट सगळा, आणि परत भट्टीत. वीज दोनदा, मजुरी दोनदा, ट्रकभाडं दोनदा.

पोरग्यानं पंधरा दिवसांत मोबाईलवर एक अ‍ॅप करून नेलं. ओतणाऱ्यानं त्याच क्षणी हीट नंबर आणि साच्याच्या बॉक्सचा नंबर टाकायचा, बस. ते चाललं नाही. मी स्वतः बघायला गेले होते, ओतणाऱ्याच्या बोटांवर वाळू आणि काळी भुकटी इतकी असते की स्क्रीनला बोट कळतच नाही, हातमोजा काढायला वेळ नाही, आणि भट्टीजवळ मोबाईल तापून बंद पडतो. त्यानं मग कॉम्प्युटरचा साधा नंबरपॅड आणला, चारशे-पाचशे रुपयांचा, त्याला प्लास्टिक गुंडाळलं. तरी वाळू बटनांच्या फटीत जायची. तेव्हा वडलांनी काय केलं, सागवानी लाकडाची एक पेटी केली, पुढची बाजू उतरती, वाळू पडली की घसरून खाली जाईल अशी, आणि बटनांच्या भोवती अर्धा इंच उंच काठ, म्हणजे मोजा घातलेलं बोट एकाच बटनावर बसेल. पेटीचे कोपरे पॅटर्नला करतात तसे गोल केलेले. माणूस तीस वर्षं वाळू साच्यातनं कशी सुटते हेच बघत आलेला, त्याला हे सुचणारच. त्या पेट्या आजही तेच करतात, गुडघ्यांमुळं बसून. प्रत्येकीवर मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख लिहितात.

हे चाललं. पहिल्या तीन महिन्यांत त्या फौंड्रीत असाच एक लॉट परत आला, पण यावेळी दोन घाणे बिघडलेत हे बोट ठेवून सांगता आलं आणि फक्त तेवढाच माल परत घेतला. मालकानं स्वतःहून शेजारच्याला सांगितलं. उद्यमबागेत अशी गोष्ट पसरायला आठवडा पुरतो.

आता इथं माझं मत सांगते. बेंगळूर आयटीचं शहर झालं ते हवा थंड आहे म्हणून झालं असं आपण ऐकत आलो, पण त्याच्या आधी तिथं काय होतं ते बघा, विमानांची एचएएल 1940 ची, टेलिफोनची आयटीआय 1948 ची, मशिनांची एचएमटी 1953 ची, इलेक्ट्रॉनिक्सची बीईएल 1954 ची. मशीन ओळखणारी, ड्रॉइंग वाचणारी माणसं दोन पिढ्या तिथं तयार होत होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन चिपची कंपनी आली 1985 ला, त्याच्या नंतर. इन्फोसिस 1981 ला पुण्यात सुरू झाली, 1983 ला बेंगळूरला गेली, आणि तिच्या सुरुवातीच्या देशी गिऱ्हाइकांत मायको म्हणजे आजची बॉश होती, स्पार्क प्लग आणि डिझेल पंप करणारी. सॉफ्टवेअर कारखान्याच्या शेजारी वाढलं. मग आपल्याकडं कारखाना आहेच की. फौंड्र्या आहेत, मच्छेला पॉलिहायड्रॉनसारखी हायड्रॉलिक्सची कंपनी आहे, हत्तरगीला हायवेला लागून 250 एकरांचं एकस या कंपनीचं एसईझेड, म्हणजे निर्यातीसाठीचं खास औद्योगिक क्षेत्र, आहे जिथं एअरबसच्या विमानांचे सुटे भाग होतात. आणि त्या एकसच्या मुळाशी बघितलं तर अरविंद मेल्लिगेरी हे आधी क्वेस्ट ग्लोबल या इंजिनिअरिंग डिझाइन सर्विसच्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, कॉम्प्युटरवरच्या कामातून ते कारखान्याकडं आले. म्हणजे दोन्हींची गाठ आपल्याच जिल्ह्यात पडलेली आहे. आपण मात्र पोरांना काचेच्या इमारतीची वाट बघायला शिकवलं.

पैशाचं काय झालं तेही सांगायला पाहिजे, कारण इथंच बहुतेक लहान कंपन्या मरतात. फौंड्रीवालेही पैसे लवकर देत नाहीत, त्यांचे त्यांच्याकडं अडकलेले असतात. पण त्याच सुमारास इन्कम टॅक्सच्या कायद्यात 43बी मध्ये नवीन कलम आलं, 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल करार असला तरी 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही. पोरग्याचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, मी पहिल्याच वर्षी करून ठेवलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता ह्याचा काय उपयोग. 2024 च्या मार्चमध्ये प्रत्येक बिलावर उद्यम नंबर मोठ्या अक्षरात छापून, सोबत एक नम्र पत्र लावून पाठवलं. 31 तारखेच्या आत पाच लाखांच्या वर थकलेलं आलं. ज्यांचा लहान धंदा आहे त्यांनी आपल्या अकाउंटंटला आजच विचारा.

आणि गिऱ्हाईक कुठनं येतंय ते बघा. 14 फौंड्र्या झाल्या, त्यातल्या आठ बेळगावच्या, एक हुबळीची आणि पाच कोल्हापूरकडच्या, शिरोली आणि गोकुळ शिरगाव. बेंगळूरचं एकही नाही. कोल्हापूर 110 किलोमीटर. पूर्वी कास्टिंगचा ट्रक कोल्हापूरला जायचा म्हटलं की सीएसटी म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा कर, त्याचा सी फॉर्म, सीमेवर कोगनोळीला चेकपोस्टवर रांग, मी स्वतः सी फॉर्म गोळा करण्यात वर्षं घालवली आहेत. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि माझ्या पुस्तकात आता शिरोलीचं बिल आणि हुबळीचं बिल यात फरक उरला तो एवढाच की एकाला आयजीएसटीचा रकाना आणि दुसऱ्याला सीजीएसटी-एसजीएसटीचा, 18 टक्के ते 18 टक्केच. कोल्हापूरपासून हुबळीपर्यंत हा एकच पट्टा आहे लोखंडाचा, आणि बेळगाव त्याच्या मधोमध. फोनवर मदत मागणारा शिरोलीचा सुपरवायझर मराठीत बोलतो, हुबळीचा कन्नडमध्ये, भट्टीवरची बरीच पोरं बिहार-ओडिशाची, ती हिंदीत. खानापूरच्या पोरीला तिन्ही येतात. पुण्याच्या पोराला हे जमणार नाही, बेंगळूरच्याला नाही, इथं सीमेवर वाढलेल्यालाच जमतं, आणि त्याचा पगार आता तिला मिळतो आहे. लहानपणापासून दोन भाषांच्या मधे वाढण्याचा आपल्या पोरांना त्रासच झाला असं मी खूप वर्षं मानत होते.

2024 च्या जुलैत मात्र एक आठवडा सगळ्यांची झोप उडाली. स्थानिकांना आरक्षणाचं विधेयक मंत्रिमंडळानं मंजूर केलं, मॅनेजमेंटच्या जागांत 50 टक्के आणि बाकीच्यांत 70 टक्के स्थानिक, आणि स्थानिक कोण तर जो कर्नाटकात जन्मला, 15 वर्षं इथं राहिला आणि ज्याला कन्नड बोलता, वाचता, लिहिता येतं, शाळेच्या दाखल्यात कन्नड नसेल तर परीक्षा द्यायची. दोन खोल्यांच्या त्या ऑफिसात त्या संध्याकाळी मी होते, पगारपत्रकाचा दिवस होता. येळ्ळूरचा पोरगा मराठी माध्यमातला पण कन्नड शिकलेला, त्याचं जमलं असतं. खानापूरच्या मुलीचं जमलं असतं. चंदगडची मुलगी, जिचं गाव बेळगावच्या सीबीटी बसस्टँडपासून तासाभरावर आहे, जिच्या घरचा बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळं बेळगावात, ती परकी ठरत होती. ती काही बोलली नाही, खाली मान घालून काम करत राहिली. आयटी कंपन्यांच्या नॅसकॉम या संघटनेनं विरोध केला, उद्योगांतून आवाज उठला आणि दोन-तीन दिवसांत सरकारनं ते थांबवलं. राज्यातल्या नोकऱ्या राज्यातल्या पोरांना मिळाव्यात ही भावना मला समजते, खानापूर-हुक्केरीच्या पोरांना मिळाव्यात म्हणून तर मी हे लिहिते आहे. पण सीमेवरच्या गावात स्थानिक म्हणजे कोण हे बेंगळूरमध्ये बसून लिहिलेल्या व्याख्येत मावत नाही.

मधल्या फळीचं काय झालं, तो मुख्य मुद्दा राहिला. ती दोन बाजूंनी आली. एक म्हणजे 2023 ला जे उरले होते ते टिकले आणि त्यांनाच आता तीन-चार वर्षांचा अनुभव झाला. शिकायला मिळालं म्हणून टिकले, काम समोरच्या फौंड्रीत, चूक झाली तर दुपारी ओतणारा माणूस स्वतः येऊन सांगतो. दुसरं, बाहेरची माणसं परत यायला लागली. 2025 च्या जुलैत टीसीएसनं 12 हजारांच्या आसपास माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या जागांवरची जास्त, आणि त्यानंतर माझ्याकडंच दोन-तीन घरांतनं फोन आले, पोरगा परत येतोय, त्याच्यासाठी काही बघा. बेंगळूरला दुसऱ्या एका कंपनीत 11 वर्षं काढलेला, तिथली नोकरी गेलेला शहापूरचा एकजण आता पोरग्याकडं आहे, पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी, घराचा हप्ता चालू आहे, बायको अजून बेंगळूरला नोकरीत. 2025 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाल्यापासून महिन्यातनं दोनदा पहाटे बसून दुपारी तिकडं पोचतो. त्याच्यासाठी हे सोपं नाही, मी सोपं आहे असं सांगणार नाही. पण तो आल्यापासून नवीन लागलेल्या तीन पोरांचं काम रोज कुणीतरी बघतं. त्यानंतर आजपर्यंत एकही एक्सपिरियन्स लेटर मी टाइप केलेलं नाही.

नऊ माणसं आहेत. सगळ्यांत कमी पगार 22 हजार. राज्याच्या आकड्यात हे कुठं दिसणारही नाही, आणि नऊवरून नव्वद कधी होतील ते फौंड्र्यांच्या ऑर्डरवर आहे, गाड्यांचा बाजार मंदावला की भट्ट्या दोन पाळ्यांवरून एका पाळीवर येतात आणि याचं कामही तेवढंच कमी होतं, तो धोका आहेच. हत्तरगीकडचं एखादं काम मिळावं म्हणून दोघं सध्या एरोस्पेसच्या ट्रेसेबिलिटीचे नियम वाचत बसलेत, तिथं एकेका तुकड्याचा जन्मदाखला लागतो, वेळ लागेल.

मागच्या आठवड्यात खर्चाची व्हाउचर्स आली. खानापूरची मुलगी शिरोलीला नवीन फौंड्रीत मशीन बसवायला एकटी गेली होती, पेटी मांडीवर घेऊन. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकाच्या साध्या बसला तिकीट नाही, म्हणून ती थेट कोल्हापूरच्या गाडीत न बसता निपाणीपर्यंत आपल्या बसनं गेली आणि तिथनं महाराष्ट्राच्या एसटीनं. पुढच्या तिकिटाचे पैसे तिनं मागितले होते ते मी लिहिले. मागच्या तिकिटाचे शून्य रुपये होते, तरी तिनं ते तिकीट टाचणीनं जोडून पाठवलं होतं, कारण पुस्तकात प्रत्येक गोष्टीचा नंबर असला पाहिजे असं ती ओतणाऱ्या माणसांना रोज सांगते. मी ते फाइलला लावलं, बेळगाव ते निपाणी, 0.